खुर्चीची जागा

“मग आई बसते कुठे?”

“तेच तर कळत नाही, माई. मी खुर्ची ठेवते तिथे बसत नाही, एवढं नक्की.”

माई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. एक शेंग किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला टाकली.

“आणि खुर्ची?”

“ती रोज फिरते. मी संध्याकाळी कामावरून येते तेव्हा भलतीकडेच असते. परवा न्हाणीघराच्या बोळात होती. एकदा तर चक्क जिन्यात, शेजाऱ्यांच्या चपलांमध्ये! मी उचलून जागेवर ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.”

“विचारलंस तिला?”

“विचारलं. ‘अशीच,’ म्हणते.”

माई हसल्या. शर्वाणी हसली नाही.

मठ हे नावच काय ते मोठं. टेकडीवर एक खोली, पुढे ओसरी, मागे चूल. माई तिथे एकट्या राहत. खाली द्राक्षबागा, बागांवर धुकं. पौषातला रविवार होता. शर्वाणी सकाळच्या पहिल्या एसटीने नाशिकहून आली होती. अंगात स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर राग.

“आई उद्या चाललीय,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या गाडीने, येवल्याला, मामाकडे. बॅग भरून दाराशी ठेवलीय. पुन्हा येणार नाही म्हणते.”

“उज्ज्वला असं म्हणाली?”

“असंच म्हणाली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत घरात. ती गेली तर…”

तिने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“तुमचं ती ऐकते. वर्षानुवर्षं येतेय तुमच्याकडे. तुम्ही फक्त निरोप द्या, जाऊ नकोस म्हणून. बाकी मी बघते.”

“का जाते, ते सांगितलं का तिने?”

“म्हणते, ‘या घरात मला थंडी वाजते.’ थंडी! माई, त्या घरात थंडीला शिरायला मी फट ठेवलेली नाही.”

“काय काय केलंस?”

हे विचारताना माईंनी शेंगा खाली ठेवल्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

शर्वाणीला बरं वाटलं. ती मांडी घालून बसली.

“दिवाळीनंतर सगळं घर उपसलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आईला गारठा सोसत नाही, म्हणून सगळं तिच्यासाठी. जाड पडदे लावले. खाली लोकरीचा गालिचा घातला. खिडकीतून वारा येतो म्हणून तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट सरकवलं. भिंतीला हळदीसारखा रंग दिला. कोपऱ्यात तिची खुर्ची, पायाखाली चौरंग, डोक्यावर दिवा. आणि वर पिवळ्या दिव्यांच्या माळा.”

“माळा? दिवाळी तर झाली म्हणालीस.”

“दिवाळीच्या नाहीत त्या, हिवाळ्याच्या. पिवळा उजेड असला की ऊब वाटते.”

“वाटते?”

“वाटते.”

“आणि असते?”

“माई, शब्दात पकडू नका. मी हेच शिकलेय. लोक मला मुद्दाम घरी बोलावतात, आमच्याकडे काय कुठे ठेवू म्हणून विचारतात.”

“मग बरं झालं तू आलीस. माझी खोली लावून दे.”

“आत्ता?”

“हिवाळा आत्ताच आहे ना?”

“आणि निरोप?”

“आधी खोली लाव.”

शर्वाणी उठून उभी राहिली.

“तुम्हा मोठ्या माणसांचं हेच असतं. सरळ काही विचारलं की काम लावता.”

“सरळ उत्तर असतं तर तुला एवढी टेकडी चढावी लागली असती का? उज्ज्वलानेच दिलं असतं.”

शर्वाणीने पदरासारखी शाल खोचली आणि आत गेली.

खोलीचं दार पूर्वेला. दक्षिणेच्या भिंतीत एक खिडकी, बिनपडद्याची. मध्ये पसारा. लोकांनी आणून दिलेल्या तसबिरी, बंद पडलेली घड्याळं, समया, पितळेच्या घंटा, एक मोठी ट्रंक. माईंचा बसायचा पाट खोलीच्या मधोमध, तिरका.

थोड्या वेळाने आतून आवाज आला.

“माई, ही ट्रंक शेवटची कधी उघडली होती?”

“का गं?”

“आत घोंगड्या आहेत. एकावर एक, गच्च. आणि तुम्ही रात्री पांघरता ती एकच, भोकं पडलेली. बाकीच्या कुणासाठी? उंदरांसाठी?”

माई दारात आल्या. ट्रंकेत डोकावल्या.

“लोक देतात. नको म्हणवत नाही.”

“मग नको म्हणायला शिका. खाली बागेत कामाला आलेली माणसं ताडपत्रीखाली झोपलीत. मी येताना बघितली. लहान पोरं आहेत त्यांच्यात.”

माईंनी सगळ्यात वरची घोंगडी हातात घेतली.

“हे माझं चुकलंच,” त्या म्हणाल्या. “काढ बाहेर. सगळ्या काढ.”

शर्वाणीने तोंड उघडलं होतं पुढचं बोलायला. ते तसंच मिटलं. कुणा मोठ्या माणसाने इतक्या पटकन चूक कबूल करावी, याची तिला सवय नव्हती.

घोंगड्या ओसरीवर उन्हात पडल्या. बंद घड्याळं एका टोपलीत गेली. तसबिरींतल्या निम्म्या उतरल्या. ट्रंक भिंतीला लागली, तिच्यावर धुतलेली चादर आली. समया घासून एका रांगेत लागल्या. खिडकीला तिने एक जुनी गोधडी पडद्यासारखी बांधली. उत्तरेकडचा आतला कोपरा तिने दोनदा झाडला, तिथे पाट मांडला आणि त्यावर घोंगडीची जाड घडी घातली. उंबऱ्यावर रांगोळीची चार बोटं ओढली. सगळ्या समया लावल्या.

“या!”

माई आत आल्या. खोलीभर समयांचा उजेड होता.

“अगंबाई!” त्या म्हणाल्या.

त्या भिंतीभिंतीने फिरल्या. चादरीवरून हात फिरवला. समया अशाच रांगेत का, असं विचारलं. तसबिरी डोळ्यांच्या पातळीला का आणल्या, असंही विचारलं. शर्वाणीने प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं. माईंनी ते मान तिरकी करून ऐकलं, नव्या गाण्याची चाल ऐकावी तसं.

“देखणी केलीस गं खोली.”

“बसा ना.”

माई कोपऱ्यातल्या पाटावर बसल्या.

शर्वाणीही समोर बसली. आता निरोपाचं काढावं, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात माई उठल्या. खिडकीवरची गोधडी त्यांनी एका बाजूला केली. धुकं केव्हाच विरलं होतं. उन्हाचा एक लांबट तुकडा जमिनीवर आला, पार खोलीच्या मध्यापर्यंत. माईंनी पाट ओढत नेला आणि त्या तुकड्यात बसल्या.

शर्वाणीने ओठ आवळले.

माई चुलीवरची आमटी बघायला मागे गेल्या. शर्वाणीने पाट उचलून कोपऱ्यात ठेवला, घडी नीट केली, गोधडी पुन्हा बांधली.

माई आल्या. गोधडी सोडली. ऊन आता ट्रंकेकडे सरकलं होतं. त्यांनी पाट तिकडे ओढला.

“माई!”

“काय गं?”

“पाटाची जागा ती आहे. तिकडे.”

“हो?”

“हो!”

“कधी?”

“कधी म्हणजे? जागा म्हणजे जागा. नेहमीच…”

माईंनी तिचा हात धरला. कोपऱ्यातल्या गार फरशीवर टेकवला. मग तिला उठवून ट्रंकेजवळच्या, उन्हातल्या फरशीवर टेकवला.

शर्वाणीने हात काढून घेतला नाही.

“रात्री मी तू म्हणतेस तिथेच बसेन,” माई म्हणाल्या. “कोपरा चांगला निवडलास. वारा लागत नाही. समयांचा उजेडही बरोबर पडतो. रात्रीचं तुला छान कळतं.”

“टोमणा मारताय?”

“नाही गं. खरंच कळतं. मला इतकी वर्षं तो कोपरा सुचला नाही.”

खाली कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

“तुमच्या घरात दुपारी ऊन कुठे येतं?” माईंनी विचारलं.

त्या विचारत होत्या ते परीक्षा घेण्यासाठी नव्हे. त्यांनी ते घर पाहिलं नव्हतं.

“खिडकीतून येत असेल. दक्षिणेचीच आहे.”

“असेल?”

“दुपारी मी घरी नसते, माई. आठला निघते, सातला येते.”

“आणि रविवारी?”

“रविवारी सामान आणायला बाजारात… नाहीतर मग मी मांडत असते.”

“ते पिवळे दिवे दुपारी काय करतात?”

“बंद असतात.”

“मग आई दुपारी कशात बसते?”

…

शर्वाणी उन्हाच्या तुकड्याकडे बघत राहिली. तो ट्रंकेवरच्या चादरीला लागला होता.

“खिडकीपुढे कपाट आहे,” ती हळूच म्हणाली.

माईंनी पाट उन्हाबरोबर आणखी थोडा सरकवला.

“जिन्याला खिडकी आहे…” ती म्हणाली. “मधल्या वळणावर. मोठी आहे. न्हाणीघराच्या बोळातही एक झरोका आहे वर.”



शर्वाणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आणि मग ती उसळली.

“पण मग सांगायचं ना तिने! तोंड नाही का तिला? ‘शर्वे, ते कपाट हलव,’ एवढं म्हणायला काय लागतं? तुम्ही सगळे असंच करता. बोलायचं नाही. ‘अशीच’ म्हणायचं, सुस्कारे सोडायचे आणि बॅग भरायची. आम्ही काय ओळखत बसायचं? मी तिच्यासाठी सुट्टीचा एकही दिवस झोपले नाही, माई. पाठ मोडून घेतली. आणि ती शेजाऱ्यांच्या चपलांमध्ये जाऊन बसते!”

“बरोबर आहे तुझं,” माई म्हणाल्या.

“काय?”

“तिने सांगायला हवं होतं. मी भेटले तिला की रागावेन.”

शर्वाणीचा राग उभ्या उभ्या पोकळ झाला. समोर भांडायला कुणी उरलं नाही.

“का नसेल सांगितलं?” तिने विचारलं. आता आवाज वेगळा होता.

“मला काय माहीत? तुला काय वाटतं?”

“मी पहिल्या दिवशी तिला डोळे मिटायला लावले होते. हाताला धरून आत नेलं आणि मग सगळे दिवे लावले.”

“मग?”

“तिने डोळे उघडले. रडलीच ती. म्हणाली, ‘माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं…’”

माईंनी मान हलवली. फार हळू.

“त्यानंतर कपाट हलव म्हणणं अवघड आहे गं,” त्या म्हणाल्या.

बाहेर ओसरीवरच्या घोंगड्या तापल्या होत्या. त्यांचा जुना, लोकरीचा वास आत येत होता. माई उठल्या आणि एकेक घडी करू लागल्या. शर्वाणी त्यांच्या मदतीला गेली. दोघींनी टोकं धरली, जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या.

“शेवटची गाडी किती वाजता?” शर्वाणीने विचारलं.

“वेळ आहे. जेवून जा. आणि खाली जाताना या घोंगड्या त्या लोकांना देत जा. मी येते टेकडीच्या पायथ्यापर्यंत.”

“आता निरोप देता ना?”

“निरोप कशाला? तुम्ही दोघी एकाच घरात राहता.”

“मग माझं मीच करते.” शर्वाणीच्या अंगात पुन्हा वारं भरलं. ती भराभर बोलू लागली. “आज रात्रीच कपाट हलवते. पोहोचल्या पोहोचल्या. शेजारचे काका येतील हात लावायला. जाड पडदे काढते, पातळ लावते. गालिचा सरकवते. खुर्ची बरोबर खिडकीशी ठेवते, चौरंगासकट. सकाळी ती उठेल तेव्हा सगळं जागच्या जागी. मग कशी जाते बघू!”

“खिडकीशी कुठे?”

“खिडकीशी म्हणजे… डाव्या अंगाला. नाही. मध्ये. म्हणजे ऊन जिथे…”

ती थांबली.

तिच्या हातात घोंगडीचं टोक होतं. दुसरं टोक माईंच्या हातात.

“माई,” ती म्हणाली, “मग मी करू तरी काय?”

माईंनी आपल्याकडचं टोक तिच्या हातात दिलं.

“उद्या रजा टाक.”