उंबरावरची कवंडळं

रानातली पाखरं एकमेकांच्या शब्दावर उडायची, त्या काळातली गोष्ट. कुठलं झाड पिकलंय हे म्हातारा धनेश पक्षी स्वतः चाखायचा आणि मगच टेकडीवरून सर्वांना सांगायचा. ओढ्याकाठच्या उंबराचं नाव तो सगळ्यांत आधी घ्यायचा.

एका वर्षी उंबराला धीर धरवेना. स्वतःची फळं हिरवी असतानाच त्याने कडू फळांच्या कवंडळाचा वेल अंगावर चढवून घेतला. लालचुटूक कवंडळं लोंबू लागली. ढोलीत जागा देऊन साळुंक्यांना ओरडायला बसवलं, "उंबर पिकला! उंबर पिकला!" पाखरं धावली आणि कडूजहर तोंडाने परतली. धनेशाने उंबराचं नाव टाकलं.

पुढच्या बहरात खरी फळं पिकली, पण खाली पडून कुजली. पंखांच्या फडफडाटाने जाग यायची, त्या जुन्या सकाळी उंबराला आठवत राहिल्या. त्याने साळुंक्यांना गप्प केलं. वाऱ्यात अंग घुसळून वेल तोडला. त्यात दोन फांद्याही गेल्या. मग हाक मारली, "धनेशदादा, चुकलो. एकदा चाखून बघा."

धनेशाने फळ चाखलं. "गोड तर तू आधीही होतास रे. तेव्हा साळुंक्या कुठे लागल्या होत्या?"

दुसऱ्या सकाळी टेकडीवरून हाक आली. उंबराचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. पण होतं.