‘येते’ म्हणून गेलेली अबोली

डोंगराच्या पायथ्याशी फुलांच्या वासाचं एक गाव होतं आणि त्या गावात अबोली नावाची एक मुलगी राहायची. नाव ठेवणाऱ्यांचं जरा चुकलंच म्हणायचं, कारण अबोलीच्या तोंडाला क्षणाची उसंत नसायची. मुंगी घरी गेल्यावर आधी काय करते? चंद्र दिवसा कुठे झोपतो? शेजारच्या काकूंनी आज भाजी कसली केली? लोक तिला भोचक म्हणायचे. आई म्हणायची, “विचारू दे हो. तिचं तेवढंच तर खेळणं आहे.”

खरोखर तेवढंच होतं. अबोली पाळण्यात असतानाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. आई गजरे करून विकायची. गजरे खपले तर आमटी-भात, नाही खपले तर पातळ पेज. घराला एकच खोली, खोलीला एकच इवलीशी खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारची भिंत. म्हणून अबोलीला दुसऱ्यांची घरं बघायची भारी हौस. कुणाचं दार उघडं दिसलं की हिची मान आत गेलीच म्हणून समजा.

एका सकाळी ती टोपली घेऊन बागेत फुलं वेचायला गेली. काय ती बाग सजली होती त्या दिवशी! पानापानावर दवाचे टपोरे थेंब, थेंबाथेंबात सोनेरी ऊन. टोपली भरत आली, तेवढ्यात चाफ्याखालून कुणाचं तरी बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. अबोलीनं वाकून बघितलं तर काय, जुईच्या कळीएवढी एक परी! निळे झिरझिरीत पंख, गुलाबी झगा, आणि एक पंख चाफ्याच्या चिकाला घट्ट चिकटून बसलेला.

अबोली तिथेच फतकल मारून बसली. फ्रॉकचं टोक पाण्यात भिजवून तिनं तो चिमुकला पंख हलक्या हातानं पुसायला घेतला. ओढला असता तर फाटला असता, म्हणून थेंब थेंब पाणी घालत ती पुसत राहिली. ऊन वर आलं आणि टोपलीतली फुलं मलूल झाली. आज घरी पेज, हे तिला कळलं होतं. तरी ती उठली नाही.

पंख सुटला तशी परी भुर्रकन उडाली आणि अबोलीच्या नाकासमोर येऊन थांबली. “माग,” ती म्हणाली. “एकच माग, पण अगदी मनातलं.”

सोनं मागावं, वाडा मागावा. पण आमची ही बाई म्हणते कशी, “मला लांबच्या देशातल्या लोकांची घरं बघायची आहेत. बाहेरून नाही, आतून. त्यांच्यात राहून.”

परीला हसूच आलं. असलं काही तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तिनं आपल्या झग्यावरून चंद्रकोरीची एक लखलखीत टिकली काढली आणि नीट समजावून सांगितलं. ही कपाळाला लावून उंबरा ओलांडलास की तू परक्या देशात, एका घराच्या दारात उभी राहशील. ती माणसं तुला आपल्यात ठेवून घेतील. तिथला निरोप घेऊन उंबरा ओलांडलास की पुढचा देश. अशी तीन घरं झाली की पुढचा उंबरा तुझ्या स्वतःच्या घरचा. पण टिकली उलटी लावायची नाही हं. उलटी लावलीस तर ती मागच्या घरी नेईल खरी, पण लगेच विझेल, आणि मग आपल्या घरी यायचा रस्ता नाही.

“आणि भाषा?” अबोलीनं विचारलं.

“तुझे शब्द सगळ्यांना कळतील आणि सगळ्यांचे तुला,” परी म्हणाली. “पण नुसते शब्द. शब्दांच्या मागचं मन पोचवायची जादू माझ्यापाशी नाही.”

म्हणजे काय, हे अबोलीला कळलं नाही. आणि बघा, नेमकं जिथे विचारायला हवं होतं तिथेच ती गप्प बसली.

आई उभ्या जन्मात बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, अबोलीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, फडक्यात दशम्या बांधल्या आणि म्हणाली, “जा, बघून ये. आणि मला सगळं सांग. काही गाळायचं नाही.” तिच्या डोळ्यांत लेकीएवढंच कुतूहल होतं.

पहिलं घर निघालं निळ्या निळ्या घुमटांच्या देशात. ती सगळी कुंभार माणसं होती आणि घरात नुसता पोरांचा कलकलाट. रात्री सगळी गच्चीवर ओळीनं झोपायची, आणि मांजरालासुद्धा स्वतःची रंगीत ताटली होती. घरच्या बाईनं मधात भिजलेले गरमागरम घावन पुढे केले. आईनं शिकवल्याप्रमाणे अबोली म्हणाली, “नको.” आपल्याकडे कसं असतं? पाहुण्यानं नको म्हणायचं, आपण घे गं म्हणायचं, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं आणि मग पोटभर खायचं. त्या बाईनं नको ऐकलं, मान डोलावली आणि ताट उचलून नेलं. दुधाचंही तेच झालं. अबोली पोटात कावळे घेऊन झोपली. सकाळी बाईनं ताट आणण्याआधीच ती “हो, हो” म्हणत बसली, तेव्हा सगळं घर हसून हसून बेजार झालं.

त्या घरी ती गालिचे धुवायला नदीवर गेली, ओल्या मातीचे मोर करायला शिकली. निघताना तिला इतकं रडू आलं की तोंडातून शब्द फुटेना. नुसता हात हलवून तिनं उंबरा ओलांडला.

दुसरा देश पांढराशुभ्र. झाडं पांढरी, छपरं पांढरी, आणि त्यात एक टुमदार घर, लालचुटूक दाराचं. तिथे बोरन नावाचा घंटा बनवणारा राहायचा आणि त्याची छोटी मुलगी मीला. मेंढ्यांच्या गळ्यात बांधायच्या घंटा त्या घरात जिकडेतिकडे लटकत होत्या आणि प्रत्येक घंटेला नाव होतं. भट्टीच्या वर झोपायला ऊबदार माळा होता. सूप होतं बीटाचं, जांभळंलाल. अबोलीनं विचारावं आणि मीलानं सांगावं, असं दिवसभर चालायचं. त्या देशात कुणी येणार असेल तर दार लावायचं नाही, उघडंच ठेवायचं, हेही मीलानंच सांगितलं.

“आणि तुझी आई कुठे आहे?” अबोलीनं विचारलं.

“आजारी होती. ‘जाते’ म्हणाली, आणि गेली,” मीला म्हणाली.

अबोलीला फार वाईट वाटलं. तिनं मीलाला जवळ घेतलं आणि तिच्या पिवळ्या केसांच्या आपल्यासारख्याच दोन वेण्या घातल्या. दोघींची गट्टी जमली. पुढे निघायचा दिवस उजाडला तेव्हा उंबऱ्यावर अबोली सवयीनं बोलून गेली, “येते हं.” आपण सगळेच म्हणतो. घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? पण मीलाच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. बोरननं हातातली हातोडी खाली ठेवून अबोलीकडे बघितलं.

तिसरं घर पाण्यावर तरंगत होतं. मोठी हिरवी नाव, तिच्यात राहणारे एक म्हातारे नावाडी आजोबा आणि आजी, आणि नावेच्या टपावर चक्क कलिंगडाचा वेल. अबोलीचे प्रश्न संपेनात. झोपेत नाव वाहून गेली तर सकाळी कुठल्या गावात उठायचं? आजी म्हणायच्या, जिथे उठू ते आपलं गाव.

थंडी वाढली तशी उत्तरेकडून रानहंस उतरले. टिकलीच्या जादूनं अबोलीला त्यांचेही शब्द कळायचे. एक हंसीण दुसरीला सांगत होती की वर बर्फाच्या देशात एका लाल दाराच्या घरात आक्रीत चाललंय. बाप दार लावतो, पोर उघडते. कुणीतरी ‘येते’ म्हणून गेलंय म्हणे, त्याची वाट बघत पोर दिवसभर उंबऱ्यात बसून असते. बर्फ घरात शिरलंय, भट्टी विझली, गारठलेल्या बोटांनी बापाला घंटा घडवता येत नाही. आणि आता पोरीला खोकला झालाय.

“पण आमच्याकडे तसंच म्हणतात,” ती रडवेली होऊन आजींना सांगायला लागली. “त्याचा अर्थ ‘येते’ असा नसतो.”

“मग कसा असतो?” आजींनी विचारलं.

अबोलीनं विचार केला. “‘जाते’ म्हणवत नाही, असा असतो.”

आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. एक उंबरा ओलांडला की आपलं घर, आपली आई, हे अबोलीला ठाऊक होतं. केवढं सांगायचं होतं आईला! आणि मागे फिरलं तर आई पुन्हा दिसणार नव्हती. ती खूप रडली, आई आई करून रडली. पण डोळे मिटले की तिला दारात बसलेली मीला दिसायची. आई रडेल, तिला वाटलं, पण रागावणार नाही. तिनं डोळे पुसले, कपाळावरची चंद्रकोर काढली, उलटी लावली आणि उंबरा ओलांडला.

समोर लाल दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात घोंगडी पांघरून मीला बसली होती, ओठ निळे पडलेले. अबोलीची टिकली विझून बर्फात पडली. मीला काहीतरी म्हणाली, पण अबोलीला एक अक्षर कळलं नाही. तिनं धावत जाऊन मीलाला छातीशी धरलं आणि तशीच उचलून आत नेलं. बोरननं दार लावलं, भट्टी पेटवली. मग काय, मीला तिच्या भाषेत बोलतेय, अबोली आपल्या मराठीत बोलतेय, कुणाचं कुणाला कळत नाही आणि कुणी थांबतही नाही.

हळूहळू मीलाचा खोकला गेला. घंटा पुन्हा किणकिणू लागल्या. अबोली मात्र खिडकीशी बसून दक्षिणेकडे बघत राहायची. मीलाच्या ते लक्षात आलं. एका सकाळी तिनं अबोलीच्या वहाणा पुसून दारापाशी मांडून ठेवल्या आणि दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण बोट खाली आलं नाही.

अबोली उंबऱ्यापाशी उभी राहिली. म्हणायचं काय? ‘जाते’ तर या घरात म्हणायचंच नव्हतं. आणि ‘येते’ म्हणावं, तर येणार कशी?

तेवढ्यात सगळ्या घंटा आपोआप वाजल्या आणि घरभर गुलाबी, निळा, सोनेरी उजेड भरला. परी आली होती.

“मी नियम मोडला,” अबोली खाली मान घालून म्हणाली.

“तो नियम घरं बघायला जाणाऱ्यांसाठी होता,” परी म्हणाली. “तू परत आलीस ती बघायला नाही, भेटायला. भेटायला येणाऱ्याला माझे नियम लागत नाहीत.” तिनं नवी टिकली अबोलीच्या कपाळावर लावली. ही कधीच विझणार नव्हती. सुलट लावली की आईचं घर, उलट लावली की मीलाचं. परीनं मीलाच्या नाकाला हलकेच टिचकी मारली आणि झगमगत, लुकलुकत त्या उजेडातच विरून गेली. नुसते चांदीचे बारीक कण हवेत तरंगत राहिले.

अबोलीनं मीलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“येते,” ती म्हणाली, आणि तिनं उंबरा ओलांडला.

ती आईच्या कुशीत कशी जाऊन पडली, काय काय बोलत सुटली, ते मी सांगायला नको. मला इकडचं सांगायचं आहे. पाहुणी येते म्हणाली, म्हणून बोरन त्यांच्या रीतीप्रमाणे दार उघडं ठेवायला दाराशी दगड लावू लागला. मीलानं त्याचा हात धरला.

“लावून घेऊ या, बाबा,” ती म्हणाली. “ती आली की ठोठावेल.”

आणि दोन्ही हातांनी ते जड लाल दार ढकलून तिनं स्वतःच कडी घातली आणि सूप प्यायला गेली.