खिंडाईच्या भोयांची टाच

पाव्हणं, तुम्ही आत्ता जी उतरण चढून आलात ना, तिच्या तांबड्या खडकात वाटीएवढाले खळगे दिसले असतील. ते पावसानं पडलेले नाहीत. आमच्या वाघजाळी गावच्या भोयांच्या टाचांचे आहेत, असं जुने लोक सांगतात. दुसऱ्या गावी देवाची पालखी अनवाणी पायांनी नेतात. आमच्या खिंडाई देवीचे भोई मात्र पायात वहाणा घालतात, त्याही उंच टाचेच्या. यामागं येसबाची गोष्ट आहे.

हा येसबा अंगानं घट्ट, पण उंचीला कमी. पालखीच्या चार टोकांना चार खांदे लागायचे, त्यातला पुढचा उजवा खांदा त्याच्या घराण्याचा मान. बाप होता तोवर बापानं वाहिला. बाप गेला आणि दांडी येसबाच्या खांद्यावर आली. जत्रेला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी तांब्याच्या घंगाळात भरून, देवीशेजारी पालखीत ठेवून खाली आणायचं आणि गावच्या विहिरीत ओतायचं, असा रिवाज. चार थेंब उडाले तर देवी रागावत नसे म्हणे, पण धार लागता कामा नये. येसबाच्या बाजूनं धार लागायची. दोन वर्षं विहिरीत रिकामंच घंगाळ पालथं झालं. गुरव म्हातारा आणि मायाळू, पण त्यालाही बोलावं लागलं. "येसबा, औंदा सांडलं तर खांदा दुसऱ्या घरी द्यावा लागंल बाबा."

येसबा घरी आला तो जेवला नाही. त्याची बायको सारजा म्हणाली, "उंची काय बाजारात मिळतीया व्हय? मिळत आसंल तर लिंगाप्पाकडंच मिळंल."

लिंगाप्पा गावच्या वहाणा करायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आठ दिवसांत उंच, निमुळत्या टाचेची एक जोडी केली. येसबा ती घालून गोठ्यापर्यंत गेला आणि त्याचा पाय मुरगळला. लंगडत परत आला आणि म्हणाला, "लिंगाप्पा, ह्या घालून मी पालखी उचलू, का नवरी हून पालखीत बसू?"

लिंगाप्पा हसला. मग तीन दिवस म्हणे तो गावातल्या बैलांचे खूर बघत हिंडला. चढाला, चिखलाला बैल कसा पाय रोवतो ते त्यानं पाहिलं. म्हशीच्या कातड्याचे सात थर एकावर एक शिवून त्यानं टाच केली. पायाएवढी रुंद, खाली जराशी पसरलेली, रंगानं काळीभोर. पुढचा तळवा मात्र हाताखाली मऊ लागेल असा. पुरुषाच्या पायात शोभावी अशी ती वहाण झाली. येसबा आरशात बघायला निघाला, तसा लिंगाप्पा म्हणाला, "बघून काय कळतंय? चाल. पायात हाय हे इसरलास, की ती तुझी." येसबा ओढ्यापर्यंत जाऊन आला आणि खरंच विसरला. तसाच देवळाच्या पायरीवर चढायला लागला.

गुरवानं त्याला तिथंच थांबवलं. देवीच्या पालखीखाली कातडं कसं चालेल? लिंगाप्पा खालूनच गुरवाला हात जोडून म्हणाला, "देवा, तिच्यापुढं ढोल वाजतोय त्यो कशाचा हाय?" गुरवानं देवीला कौल लावला. तिच्या दोन्ही खांद्यांवर फूल ठेवलं, उजवं पडलं तर होकार. मग उजवं फूल अलगद खाली आलं, असं सांगतात.

जत्रेचा दिवस उजाडला. येसबा टाचेची वहाण घालून डोंगरावर पोचला आणि बघतो तर बाकी तिघं भोईही तशाच वहाणा घालून उभे. एकट्या येसबाला लोक हसतील म्हणून त्यांनी लिंगाप्पाकडून गुपचूप करून घेतल्या होत्या, त्याही मोजून सात थरांच्या. त्यातला म्हाकू तर मुळातच ताडमाड, तो आता झाडाच्या फांदीला लागत होता. पालखी उचलली, तर येसबा पहिल्यासारखाच चार बोटं खाली.

"आरं, जीव लावायची बी काय रीत?" येसबा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

लिंगाप्पा कातडं कापायची रापी घेऊनच आला होता. म्हणाला, "मला इचारू नका, पाण्याला इचारू." घंगाळ भरून पालखीत ठेवलं. चौघांनी दांडी उचलायची, पाणी कुठं कलतं ते बघायचं, खाली ठेवायची आणि लिंगाप्पानं एकेकाच्या टाचेचा थर उतरवायचा. दुपार कलली तरी लोक उठले नाहीत. म्हाकूच्या टाचेला एक थर राहिला, दोघांना तीन-तीन, येसबाचे सातच्या सात. तेव्हा कुठं पाणी काठाशी सगळीकडून सारखं उभं राहिलं.

मग ही उतरण. शेवाळ धरलेली, पाय ठरू न देणारी. चौघांच्या टाचा खडकात रुतत आल्या म्हणे, आणि पाणी विहिरीपाशी जसंच्या तसं पोचलं. ओतायचा मान गुरवानं येसबाला दिला. त्याच्यानं ते घंगाळ लवकर पालथं करवेना.

आजही जत्रेआधी पालखी लिंगाप्पाच्या घरापुढं टेकते आणि भोई तिथंच चालून बघून आपापली टाच निवडतात. किती थर हवेत ते पाणी सांगतं. आणि आजही वाघजाळीत कुणी कुणाला बुटका म्हणत नाही. 'सात थरांचा माणूस' म्हणतात, आणि म्हणताना जरा सरकून त्याला बसायला जागा देतात.