हंबीरचे कडक पाटे

गाड्या आपसांत सुखदुःखाचं बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. हंबीर नावाचा एक गडी होता, जातीने जीप. मैना नावाचं चाकांवरचं घर मागे जोडून तो गावोगाव हिंडायचा. एकदा मैनेच्या चाकांचा आस मोडला. तेव्हापासून ती घाटाखालच्या छपरात उभी होती, आणि ती बरी होईल की नाही हे कुणी धड सांगत नव्हतं.

हंबीर एकटाच धावू लागला. मागचे पाटे, म्हणजे चाकांवर भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, पार बसले, तेव्हा तो गॅरेजात गेला. तिथला म्हातारा जॅक त्याला उचलत म्हणाला, "मऊ पाटे घाल बाबा. रिकामा पळतोस, पाळण्यासारखा डुलत जाशील."

"आणि मैना आली तर?"

"तर शेपूट खाली बसेल, नाक वर जाईल. दिवे झाडांच्या शेंड्यांवर, रस्ता अंधारात! पण ती आता येतेय कशाला?"

हंबीर दचकला. इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"कडकच घाला," तो हळूच म्हणाला.

"अरे वेड्या, हाडं खिळखिळी होतील!"

"होऊ देत. ती मागे असली की हेच पाटे मऊ लागतात, काका."

आता हंबीर खड्ड्याखड्ड्याला उडतो. रिक्षा खिदळतात, "काय हंबीरराव, टोळ गिळलात की काय?" तो हसून घेतो आणि आरशात मागे बघतो. मागे नुसता रस्ता असतो. घाटाखालचं छप्पर आलं, की मात्र तो पाठमोरा होऊन, हळूहळू मागे सरकत मैनेपुढे उभा राहतो, जोडून घ्यायला.