केरूनानांचं बंद नाक

नदीकाठच्या एका गावात केरूनाना नावाचे हौशी रसायनकार राहत. मागच्या पडवीत त्यांची प्रयोगशाळा होती, आणि दर रविवारी आळीतली पोरं तिथे रंगांची गंमत बघायला जमत. फळीवरच्या सगळ्या बाटल्या बिनचिठ्ठीच्या. नाना झाकण उघडून हुंगत आणि ऐटीत सांगत, "माझं नाक आहे ना!" प्रयोगात जळालेल्या भुवईचाही त्यांना केवढा अभिमान!

सुट्टीत नात आली, मंजिरी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी. आल्या आल्या तिने डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला निघाली. नानांना हसू आवरेना.

"आमच्या काळी असली थेरं नव्हती. आमचे मास्तर तर जिभेला लावून ओळखायचे."

"आणि ते गेले कशाने, नाना?"

नानांनी विषय बदलला. चिठ्ठ्या मात्र लावू दिल्या नाहीत.

रविवारी नेमकी नानांना सर्दी झाली. नाक पार चोंदलेलं. जास्वंदीच्या पाण्यात व्हिनेगर ओतून ते लालभडक करायचं होतं. त्यांनी एक बाटली हुंगली, दुसरी हुंगली. छे! व्हिनेगर कुठलं आणि जालीम अ‍ॅसिड कुठलं, काही कळेना.

कळत नाही म्हणावं, तर जन्मभराची ऐट मातीत. नानांनी अंदाजाने एक बाटली उचलली. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या कुंदाकडे गेलं. टेबलावर हनुवटी टेकवून, डोळे विस्फारून ती अगदी भांड्याशी येऊन बसली होती. नानांनी बाटली खाली ठेवली.

"पोरांनो, माझं नाक बंद आहे. ह्यात काय आहे, मला ठाऊक नाही."

पोरं खो खो हसली. मंजिरी हसली नाही. तिने सगळ्यांना मागे सारलं, हातमोजे चढवले आणि त्या बाटलीतला थेंब शहाबादी फरशीवर टाकला. चर्रर्र! फेस उसळला. नानांनी कुंदाला जवळ ओढलं.

"अरे देवा, पोरीचे डोळे गेले असते!"

त्याच संध्याकाळी नानांनी स्वतः सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढच्या रविवारी चष्मा लावून ते उभे राहिले खरे, पण आता आपल्याकडे कोण कशाला येतंय, असंच त्यांना वाटत होतं. तर सर्वांत आधी कुंदाच हजर, धाकट्या भावालाही घेऊन.

"आई म्हणाली, नानांकडे खुशाल जा. त्यांना कळलं नाही तर ते तसं सांगतात."

नानांना भरून आलं. त्यांनी आधी दोघांना चष्मे दिले, मग बाटली उघडली.

तात्पर्य: आजवर निभावलं म्हणजे धोका नव्हता असं नाही, जपून वागायला उशिरा शिकलं तरी त्यात कमीपणा नाही.