मॉरिशसची कोरी नोट

शाल्मलीची शाळाप्रवेशाची मुलाखत होती आणि आदल्या रात्री मला झोप नाही. धास्ती एकच, ही पोरगी तोंड उघडणार. गप्प बसायला मी तिला शिकवलंच नव्हतं. मला तरी कुठे येतं?

संस्थेचे अध्यक्ष परबसाहेब जुन्या नोटांचे शौकीन. त्यांनी इंग्रजांच्या काळातली मॉरिशसची नोट चिमट्याने उचलून दाखवली. "पणजोबा तिकडे ऊस तोडायला गेले होते. ही कनवटीला लावून वर्षानुवर्षं मळ्यात राबले. सांग बेटा, हिच्याकडे बघून काय शिकलीस?"

शाल्मलीने नोट निरखली. "आजीच्या कनवटीतली नोट चुरगळते. हिला एकपण घडी नाही."

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. आता गेला प्रवेश. पण शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हसू दाबत अर्जावर सही केली. म्हणाल्या, "बघायला तरी शिकली आहे."

आम्ही उठलो. साहेबांना मात्र राहवेना. "आमचे पणजोबा जपणारे होते. सगळा जन्म नोट कमरेला होती, पण घडी पडू दिली नाही."

शाल्मली दारातून वळली. "मग ते ऊस तोडायला वाकलेच नसतील."