कुंभेरीच्या सरकारांची पालखी

कुंभेरीच्या सरकारांना दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी नवी पालखी हवी होती. धाकोजी सुताराने ती आठ भोयांना पेलेल अशी बेताची आखली. पण सरकार रोज येऊन म्हणत, "धाकोजी, एवढंच जरा वाढव."

आधी पोपटाचा पिंजरा वाढला. मग कारंजं आलं. मग गरम भज्यांसाठी चूल आली आणि चुलीपाशी आचाऱ्याची बैठक. धाकोजीने हात जोडले. "सरकार, भोई आठच. काही घालायचं तर काही काढावं लागेल."

"ते तू बघ! आठ भोयांचा मान पणजोबांपासूनचा आहे, नववा चालणार नाही. आणि दसरा काही पुढे जायचा नाही!" सरकार कडाडले, आणि जाता जाता स्वतःचा दगडी पुतळाही सांगून गेले.

दसऱ्याला पालखी सजली. पोपट बोलत होता, कारंजं उडत होतं, आचारी भजी तळत होता, मधोमध पुतळा मिशीला पीळ देत बसला होता. सरकार चढायला गेले, तसा धाकोजी आडवा आला.

"सरकार, सांगितलंत ते सगळं घातलंय. फक्त भोयांना पेलावं म्हणून एक वजन कमी केलंय."

"कोणतं?"

"आपलं. आपण पायी चलावं. दर्शनाला पुतळा आहेच."

ढोल थांबले. सरकारांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"पुतळा उतरवा! चूल उतरवा! आचारी उतरवा!" ते गरजले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "भज्यांचं ताट तेवढं राहू द्या. पण... आधी धाकोजीला विचारा."